नाटकाच्या पडद्यापासून चॅपल रोडपर्यंत: मुंबईच्या रंगीत भिंतींची पार्श्वभूमी

वांद्र्याच्या हिल रोडची गर्दी सोडून मागच्या अंगाला चॅपल रोडवर शिरलं की रस्ता अंग चोरून घेतो. दोन्ही बाजूंना ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळ कॅथलिक कुटुंबांची जुनी घरं, लाकडी कठडे, घराबाहेरून वर चढणारे जिने, वळणावर हार घातलेला क्रूस. आणि मधूनच एखादी आख्खी भिंत भरून चित्र. तिथून वारोडा रोड, रानवर गावठाण, बाजार रोड असं फिरत गेलं की एकाचा शोध घेताना दुसरं सापडतं. शनिवार-रविवारी मुलं-मुली मोबाइल घेऊन ही चित्रं शोधत हिंडताना दिसतात. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना वाटतं की हे न्यूयॉर्क-बर्लिनचं वारं, दहा-पंधरा वर्षांपूर्वी आपल्याकडे आलेलं.

स्प्रेचे डबे बाहेरून आले, हे खरं. पण भिंतीएवढं चित्र रस्त्यावरच्या माणसासाठी काढायचं, ते लांबून आणि चालता चालता कळलं पाहिजे, चेहरा दहापट मोठा करूनही ओळखीचा राहिला पाहिजे, हे कसब मुंबईत फार आधीपासून होतं. ते मधे काही वर्षं बेरोजगार झालं होतं, एवढंच. ही गोष्ट मला त्या कसबाच्या बाजूने सांगायची आहे.

सुरुवात मुंबईत नाही, कोल्हापुरात करावी लागते. बाबूराव कृष्णराव मेस्त्री, म्हणजे आपले बाबूराव पेंटर, आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव हे दोघं संगीत नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवत. राजवाडा, अरण्य, रस्ता, सगळं कापडावर, आणि शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही ते खरं वाटावं अशा मापात. तेच बाबूराव पुढे सिनेमाकडे वळले, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, आणि आपल्या चित्रपटांची पोस्टरंही स्वतः रंगवू लागले. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चं त्यांचं पोस्टर भारतीय सिनेमाच्या उपलब्ध पोस्टरांमधलं अगदी सुरुवातीचं मानतात. नाटकाचा पडदा रंगवणारा हात सिनेमाच्या जाहिरातीकडे असा आला. रंगमंचावरचं चित्र रस्त्यावर उतरायला तिथून वाट मिळाली.

मुंबईत या हाताला प्रचंड काम होतं. ग्रँट रोड, फॉकलंड रोड, पिला हाऊसचा परिसर म्हणजे ओळीने थिएटरं, आणि प्रत्येक थिएटरला दर नव्या सिनेमागणिक नवा बॅनर लागायचा. मकबूल फिदा हुसेन १९३० च्या दशकात या शहरात सिनेमाचे बॅनर रंगवूनच पोट भरत होते. त्यांच्या रेषेत जी भरधाव ताकद आहे तिचं मूळ मला त्या कामात दिसतं. शिडीवर उभं राहून, दोन दिवसांच्या मुदतीत, वीस फुटी चेहरा पुरा करणाऱ्याला रेघ खोडत बसायला वेळ नसतो.

कामाची पद्धत ठरलेली होती. सिनेमाचा एखादा फोटो घ्यायचा, त्यावर चौकटी पाडायच्या, तितक्याच चौकटी मोठ्या कापडावर आखायच्या आणि चौकटीगणिक चित्र चढवत न्यायचं. पोरं पार्श्वभूमी भरायची, अक्षरं वेगळा माणूस काढायचा, चेहरा मात्र उस्तादाचा. कापड मोठं असलं की तुकड्यातुकड्यांत रंगवून थिएटरवर नेऊन जोडायचे. सिनेमा उतरला की त्याच कापडावर पांढरा हात मारून पुढचं चित्र. म्हणजे या माणसांचं आयुष्यभराचं काम त्यांनी स्वतःच्याच हातांनी पुसलं. आज त्यातलं जवळजवळ काही उरलेलं नाही, जे आहे ते छापील पोस्टरांमुळे. एस. एम. पंडित, दिवाकर करकरे यांची नावं त्यामुळेच टिकली. करकऱ्यांनी १९७५ च्या ‘दीवार’चं पोस्टर केलं. जाडसर, सुरीने ओढल्यासारखे रंगाचे फटकारे आणि त्यातून पुढे येणारा अमिताभचा चेहरा. हा चेहरा पुढे परत येणार आहे.

दुसरा एक प्रवाह जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून येतो. १८५७ साली सुरू झालेल्या या शाळेचे विद्यार्थी त्यांचे शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्यासोबत १८७२ पासून पुढची बारा-तेरा वर्षं अजिंठ्याला जाऊन लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करत होते. भिंतीवरच्या चित्राचं शिक्षण याहून मोठ्या भिंतीपुढे कुणाला मिळालं असेल? १९२० च्या दशकात ग्लॅडस्टन सॉलोमन शाळेचे प्रमुख असताना तिथे भित्तिचित्रांचं काम नव्याने उभं राहिलं आणि जे. जे.चे विद्यार्थी नवी दिल्लीच्या सचिवालयातल्या भिंती रंगवून आले. पण ही सगळी भिंतीच्या आतली चित्रं होती. बाहेरच्या भिंतीने रस्त्याशी बोलावं अशी इमारत फोर्टात १९३० च्या दशकात उभी राहिली, न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची. तिच्या दर्शनी भागावर शिल्पकार ना. ग. पानसरे यांनी घडवलेल्या शेतकऱ्या-कामकऱ्यांच्या उंच आकृती आहेत. रंग नाही, दगड आहे. तरी फोर्टात गेलात तर मान वर करून बघा. रस्त्यावरच्या माणसाचं चित्र रस्त्यावरच्या माणसासाठी, हा विचार तिथे पहिल्यांदा इतक्या ठळकपणे दिसतो.

आणि तिसरा प्रवाह, ज्याला कुणी कला म्हणत नाही: गेरू आणि चुना. ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ हे वाक्य छापील पत्रकांइतकंच भिंतींनी घरोघरी नेलं. निवडणुकांत गल्लीगल्लीत चिन्हं रंगायची. १९८२ च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला तेव्हा गिरणगावाच्या भिंती लाल बावट्यापासून डॉ. दत्ता सामंतांपर्यंत सगळ्यांच्या घोषणा अंगावर घेऊन उभ्या होत्या. ज्याच्याकडे वर्तमानपत्र नाही त्याचं वर्तमानपत्र म्हणजे भिंत.

यातले बॅनरचा आणि घोषणांचा हे दोन प्रवाह साधारण एकाच दशकात आटले. निवडणूक आयोगाने १९९० च्या दशकात भिंती रंगवण्यावर लगाम आणला. १९९५ मध्ये महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपणाला प्रतिबंध करणारा कायदा झाला आणि लोकांच्या नजरेला पडणाऱ्या जागेवर परवानगीविना जाहिरात रंगवणं गुन्हा ठरलं. कायद्याचा हेतू मला पटतो. एकाच दिवाळीत चार नेत्यांनी एकाच भिंतीवर शुभेच्छा रंगवलेल्या ज्याने पाहिल्या आहेत त्याला तो पटेलच. त्याच सुमारास फ्लेक्स आला. संगणकावर चित्र जुळवायचं, रात्रीत छापायचं, सकाळी टांगायचं. हाताने रंगवलेला बॅनर महाग ठरला आणि उशिराचाही. उस्ताद लोक गणपतीच्या मखरांकडे वळले, दुकानांच्या पाट्यांकडे वळले, कुणी गावी गेले. फॉकलंड रोडवरच्या आल्फ्रेड टॉकीजसारख्या जुन्या सिनेमांच्या थिएटरात हाताने रंगवलेले बॅनर त्यानंतरही लागत राहिले, पण शहराचं लक्ष तिकडे नव्हतं.

म्हणून २००० च्या दशकाच्या शेवटी वांद्र्यात जे सुरू झालं ते रिकाम्या जागी सुरू झालं. धान्या पिलो आणि तिच्या मित्रमंडळींनी ‘द वॉल प्रोजेक्ट’ या नावाने गावठाणातल्या घरमालकांना विचारून भिंती रंगवायला घेतल्या. यातलं ‘विचारून’ महत्त्वाचं आहे. पाश्चात्त्य शहरांतली ग्राफिटी रात्री, चोरून, पोलिसांना चुकवत वाढली. मुंबईतलं बहुतेक चित्र दिवसाढवळ्या, मालकाच्या ओटीवर चहा पीत निघालं. गावठाणातली घरं खासगी, बैठी किंवा एकमजली. मालकाने हो म्हटलं की झालं, सोसायटीची सभा भरवावी लागत नाही. चॅपल रोडलाच ही चित्रं का दाटली याचं उत्तर मला इथे मिळतं.

२००९ च्या ऑगस्टमध्ये हे काम एकदम मोठं झालं. महापालिकेच्या पुढाकाराने तुळशी पाइप रोडची रेल्वेलगतची लांबच लांब भिंत लोकांसाठी मोकळी केली. कागदोपत्री या रस्त्याचं नाव सेनापती बापट मार्ग. जुनं नाव तुळशी तलावाचं पाणी शहरात आणणाऱ्या जलवाहिनीवरून पडलेलं. स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीत शेकडो लोक डबे-ब्रश घेऊन माहीम-माटुंग्याच्या बाजूला जमले. कॉलेजची मुलं, नोकरदार, आईबापांसोबत आलेली लहान पोरं. चित्रं सगळीच चांगली नव्हती, काही शाळेच्या स्पर्धेतली वाटावीत अशीही होती. पण ज्या भिंतीकडे लोक फक्त लघुशंकेपुरते बघत होते तिच्यासमोर माणसं थांबून उभी राहिली. भिंत सार्वजनिक असते ही आठवण मुंबईला त्या दिवशी झाली, असं मला वाटतं.

आता करकऱ्यांच्या अमिताभकडे. रणजित दहिया मूळचे हरियाणातल्या सोनिपतकडचे. गावाकडे घरं आणि भिंती रंगवायची कामं केलेली, मग चंदीगडला कलाशिक्षण, मग अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था, मग मुंबई. इथे आल्यावर त्यांना एक गोष्ट खटकली: सिनेमाच्या या शहरात रस्त्यावर सिनेमा दिसतच नाही. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ला शंभर वर्षं होत आली असताना, २०१२ मध्ये, त्यांनी ‘बॉलिवूड आर्ट प्रोजेक्ट’ सुरू केला आणि चॅपल रोडवर १९५३ च्या ‘अनारकली’चं पोस्टर भिंतभर चढवलं. पुढे ‘दीवार’चा अमिताभही वांद्र्याच्या भिंतीवर आला. दहिया काय करतात ते नीट पाहा: ते सिनेमाचं दृश्य काढत नाहीत, हाताने रंगवलेल्या पोस्टरची पुन्हा हाताने रंगवलेली प्रत काढतात. फ्लेक्सने ज्यांना घरी बसवलं त्यांची अक्षरं, त्यांचे फटकारे, त्यांचा गुलाबी-निळा अंधार परत रस्त्यावर येतो. या शहरातल्या सगळ्या भित्तिचित्रांत मला सर्वांत जवळची वाटतात ती ही.

२०१४ मध्ये दिल्लीत ‘स्टार्ट इंडिया’ ही सार्वजनिक जागांतल्या चित्रांसाठीची संस्था उभी राहिली आणि त्याच वर्षी तिने मुंबईतही महोत्सव घेतला. त्यात दहियांनी वांद्रे रेक्लमेशनच्या एमटीएनएल इमारतीवर दादासाहेब फाळके रंगवले. त्र्यंबकेश्वरचे फाळके स्वतः जे. जे.चे विद्यार्थी होते, १८८५ चे. तिन्ही प्रवाह एका भिंतीवर आलेले पाहायचे तर हे चित्र. संस्थेच्या संस्थापकांपैकी हनीफ कुरेशी यांनी त्याआधी देशभरच्या पाटी रंगवणाऱ्या पेंटरांकडून त्यांची अक्षरं उतरवून घेऊन संगणकावरचे फाँट करण्याचं काम सुरू केलं होतं. फाँटला त्या त्या पेंटरचं नाव. २०२४ मध्ये कुरेशी गेले. त्यांचं हे काम भित्तिचित्रांच्या बातम्यांत मागे पडतं, याचं वाईट वाटतं.

२०१७ च्या अखेरीस याच संस्थेने ससून डॉक चित्रांसाठी उघडलं. १८७५ मध्ये ससून घराण्याने बांधलेला हा धक्का कुलाब्याचे लोक वासावरून ओळखतात. तिथल्या मोठमोठ्या गोदामांवर कोळणींचे आणि धक्क्यावर राबणाऱ्यांचे चेहरे लागले. पहाटे मासळीचा लिलाव करणारी बाई दुपारी आपल्याच शेजारणीच्या दोन मजली चेहऱ्याखालून पाटी घेऊन जाते, हे दृश्य कुठल्याही कलादालनात शक्य नाही.

सगळंच असं नव्हतं. घाटकोपरजवळच्या असल्फ्याच्या टेकडीवरची घरं त्याच सुमारास बाहेरून रंगवली गेली, मेट्रोतून ती छान दिसतात, फोटो खूप निघाले. पण टेकडीवर पाणी चढवण्याचा आणि पावसाळ्यात दरडीच्या भीतीचा प्रश्न रंगाने सुटत नाही, आणि मेट्रोतल्या प्रवाशासाठी रंगवलेली भिंत ही आत राहणाऱ्यासाठी रंगवलेली नसते. उड्डाणपुलांच्या खांबांवरच्या वारलीबद्दलही मला तसंच वाटतं. तांदळाच्या पिठाने, लग्नाच्या वेळी, सवाशिणींनी घरातल्या गेरूच्या भिंतीवर काढायचा तो चौक. जिव्या सोमा मशे यांनी तो कागदावर आणून जगापुढे नेला. खांबावर त्याचे नाचणारे त्रिकोण नक्षीसारखे चिकटवले की देव आणि लग्न दोन्ही गळून जातात.

मुंबईच्या भिंतीवर चित्र फार दिवस टिकत नाही. जूनमध्ये पाऊस लागला की ओल आतून येते, समुद्राकडच्या भिंतींत खार फुटतो आणि रंगाचे पोपडे निघतात. घरातल्या भिंतींना देतात तो ऑइलबाउंड नव्हे, बाहेरच्या भिंतींसाठीचा अ‍ॅक्रिलिक रंग वापरला, खाली पुट्टी-प्रायमर नीट दिलं, तर चार-पाच पावसाळे निघतात. त्याहून मोठा धोका पुनर्विकासाचा. गावठाणातलं घर पाडलं की चित्र जातं आणि त्याजागी उभ्या राहणाऱ्या इमारतीची रस्त्याकडची बाजू पार्किंगला जाते, तिथे भिंतच उरत नाही. चॅपल रोडला दोन वर्षांनी परत गेलात तर मागच्या वेळचं चित्र त्याच जागी मिळेलच असं नाही. जुने लोक पत्ता सांगताना अजूनही म्हणतात, ‘ते अनारकलीचं घर होतं ना, त्याच्या पुढे डावीकडे.’