फंक्शनला दिलेल्या किमती नेमक्या कुठे ठेवल्या जातात?

सी भाषेतील प्रिंटएफ या फंक्शनला पूर्णांक छापण्याची खूण द्यावी आणि सोबत किंमत मात्र २.५ ही दशांश संख्या द्यावी, तर काय छापले जाईल? कंपायलर बहुधा ताकीद देईल, आणि अशा प्रोग्रॅमच्या वर्तनाची हमी भाषेचे मानकही देत नाही. तरीही तो चालवलाच, तर ३२ बिटच्या लिनक्सवर सहसा शून्य दिसते, आणि ६४ बिटच्या लिनक्सवर भलताच आकडा येतो, जो पुढच्या वेळी बदलूही शकतो.

याचे कारण असे की, आर्ग्युमेंट (म्हणजे फंक्शनला दिलेली किंमत) ही कल्पना मुळात प्रोसेसरला ठाऊकच नसते. त्याची कॉल ही आज्ञा परतीचा पत्ता स्टॅकवर, म्हणजे मेमरीतल्या एकावर एक रचलेल्या तात्पुरत्या साठ्यावर, ठेवते आणि दुसऱ्या पत्त्यावर उडी मारते, इतकेच. बोलावणारा कोड आणि बोलावले गेलेले फंक्शन हे वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कंपायलरने, कधी तर वेगवेगळ्या भाषांमधून तयार झालेले असते. तेव्हा कोणती किंमत कुठे ठेवायची आणि कुठून उचलायची, हे आधीच ठरलेले असावे लागते. या ठरावालाच कॉलिंग कन्व्हेन्शन म्हणतात.

१९८५ मध्ये आलेल्या इंटेल ३८६ प्रोसेसरमध्ये सर्वसाधारण कामाची रजिस्टरे (प्रोसेसरच्या आतल्या किमती ठेवायच्या छोट्या जागा) आठच होती आणि त्यांतले एक स्टॅकसाठी अडकलेले असे. त्यामुळे त्यावरील सीच्या रूढ पद्धतीत सर्व आर्ग्युमेंट स्टॅकवर ठेवली जातात, तीही उजवीकडून डावीकडे. हा क्रम उलटा वाटला, तरी पहिले आर्ग्युमेंट त्यामुळे नेहमी परतीच्या पत्त्याला लागूनच सापडते, आणि प्रिंटएफसारख्या, कितीही आर्ग्युमेंट घेणाऱ्या फंक्शनला नेमके तेच हवे असते. आर्ग्युमेंट किती दिली हे बोलावणाऱ्यालाच खात्रीने माहीत असल्यामुळे स्टॅक आवरण्याचे कामही त्याच्याकडेच असते. आपल्या उदाहरणात २.५ ही संख्या स्टॅकवर आठ बाइट घेते; प्रिंटएफ त्यांतले खालचे चार पूर्णांक म्हणून वाचते, आणि या संख्येच्या बाबतीत ते चारही बाइट शून्य असतात.

६४ बिटच्या एएमडी प्रोसेसरमध्ये, २००३ पासून, रजिस्टरे सोळा झाली आणि ठरावही बदलला. लिनक्सवर पहिले सहा पूर्णांक किंवा पत्ते आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स, आरसीएक्स, आर८ आणि आर९ या रजिस्टरांतून जातात, दशांश संख्या एक्सएमएम० ते एक्सएमएम७ मधून, आणि उरलेले स्टॅकवर. म्हणजे आपली २.५ एक्सएमएम० मध्ये जाऊन बसते, तर पूर्णांकाच्या शोधात असलेले प्रिंटएफ, आरडीआय खुणेच्या पत्त्याने आधीच व्यापल्यामुळे, आरएसआय उघडते, जिथे या कॉलसाठी कोणी काही ठेवलेलेच नसते. आधीच्या कामाचे जे उरलेसुरले असेल तेच छापले जाते.

विंडोजने याच प्रोसेसरसाठी वेगळा ठराव केला. तिथे रजिस्टरांतून पहिली चारच आर्ग्युमेंट जातात, आणि आर्ग्युमेंटची संख्या अनिश्चित असलेल्या फंक्शनला दिलेल्या दशांश संख्येची प्रत त्याच क्रमांकाच्या पूर्णांक-रजिस्टरातही ठेवावी लागते, म्हणून तिथे पुन्हा शून्य दिसते. शिवाय बोलावणाऱ्याने स्टॅकवर ३२ बाइट मोकळे सोडायचे असतात, एकही आर्ग्युमेंट नसले तरीही. हा वरवर अपव्यय वाटतो, पण त्या जागेत चार रजिस्टरे उतरवली की सगळी आर्ग्युमेंट स्टॅकवर सलग मिळतात, आणि प्रिंटएफचे काम बरेच सोपे होते. मला तरी हा सौदा वाईट वाटत नाही.

प्रोसेसर या ठरावांबाबत उदासीन असतो खरा, पण एका ठिकाणी तो आडवा येतो. लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे त्याच्या गाभ्याला, साद घालणारी सिसकॉल ही आज्ञा परतीचा पत्ता स्वतःच आरसीएक्समध्ये लिहिते आणि तिथे असलेले चौथे आर्ग्युमेंट पुसून टाकते. म्हणून कर्नलसाठी चौथे आर्ग्युमेंट आर१० मध्ये ठेवतात. बाकी पाचांच्या जागा त्याच राहतात.