बेसबॉल कूपरस्टाउनमध्ये जन्मला नाही

न्यूयॉर्क राज्यातल्या कूपरस्टाउन या छोट्या गावात १८३९ साली ॲबनर डबलडे यांनी बेसबॉल शोधला, असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. ही गोष्ट खोटी आहे.

१८३९ मध्ये डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होते. पुढे ते जनरल झाले, भरपूर लिहिलं, पण आपण हा खेळ काढला असं कधीच म्हटलं नाही. १८९३ साली ते वारले आणि दावा त्यानंतर बारा वर्षांनी पुढे आला! खेळाचं मूळ शोधायला नेमलेल्या मिल्स आयोगापुढे १९०५ साली ॲबनर ग्रेव्ह्ज या खाण अभियंत्याचं, डबलडेंनी कूपरस्टाउनमध्ये हा खेळ काढला असं सांगणारं पत्र आलं. घटनेच्या वेळी ग्रेव्ह्ज होते जेमतेम पाच वर्षांचे. एवढ्याच आधारावर आयोगाने १९०७ च्या अखेरीस डबलडेंना श्रेय दिलं. खेळ अस्सल अमेरिकन ठरवायची घाई, दुसरं काय. इंग्लंडमध्ये तर १७४४ च्या एका बालपुस्तकातच 'बेसबॉल' हा शब्द छापलेला आहे.

१९३५ मध्ये कूपरस्टाउनजवळच्या फ्लाय क्रीकमधल्या एका जुन्या ट्रंकेत फाटका, चिंध्या भरलेला चेंडू सापडला. शिलाई मशीनवाल्या सिंगर कंपनीच्या पैशाचे वारसदार स्टीफन क्लार्क यांनी तो पाच डॉलरला घेतला, 'डबलडेंचा चेंडू' म्हणून मांडला आणि १९३९ साली कूपरस्टाउनमध्ये 'हॉल ऑफ फेम' हे बेसबॉलचं संग्रहालय उघडलं. ते संग्रहालय जरूर पाहावं. फक्त १८४५ साली न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने नियम लिहून काढले, त्यांचं श्रेय डबलडेंच्या नावावर टाकू नये.