खुलासा: 'मारहाण त्यांच्या संस्कृतीतच आहे' हे खरं नाही

ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी घरांमधल्या हिंसेविषयी एक समज वर्षानुवर्षं फिरतो आहे: मारहाण त्यांच्या संस्कृतीतच आहे, म्हणून ती थांबवायला बाहेरून पोलीसच पाठवावे लागतात.

हे चूक आहे. आदिवासी बायकांवर हात उचलणाऱ्यांत बिगर-आदिवासी पुरुषही असतात, हे लोक सोयीस्करपणे विसरतात. शिवाय जमिनी हिरावणं, मुलांना आईबापांपासून तोडणं, या सरकारी धोरणांच्या जखमा पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत झिरपत आल्या आहेत.

आणि उपाय? सिडनीपासून सुमारे ८०० किलोमीटरवरचं बर्क हे छोटं गाव पाहा. तिथल्या आदिवासींनी २०१३ च्या सुमारास 'मारंगुका' हा उपक्रम उभा केला. न्गेंबा या तिथल्या आदिवासी भाषेतल्या या शब्दाचा अर्थ, इतरांची काळजी घेणं. दिशा ठरवते आदिवासी समाजाची आपली परिषद. पोलीस आणि इतर सेवांची माणसं त्यांच्यासोबत नियमित बसतात, गेल्या चोवीस तासांत गावात काय घडलं ते पाहतात आणि कुठल्या घराला कोणाची मदत हवी ते तिथेच ठरवतात. मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. गुन्हा नोंदवला की काम संपलं, असं नाही. त्या घराचं दार पुन्हा ठोठावलं जातं.

केपीएमजी या सल्लागार कंपनीच्या २०१८ च्या अहवालानुसार, २०१६ च्या तुलनेत २०१७ मध्ये तिथे पोलिसांत नोंदलेल्या घरगुती हिंसेच्या घटना २३ टक्क्यांनी घटल्या. पोलीस आधीही होतेच. मोठा बदल हा, की आता सूत्रं गावाच्या हाती होती.