खोक्यावरचा वॅट: प्रोसेसरच्या ‘टीडीपी’ची पार्श्वभूमी

प्रोसेसरच्या माहितीपत्रकात ‘६५ वॅट’ किंवा ‘१२५ वॅट’ असा आकडा असतो आणि पुष्कळ जण तो विजेच्या वापराचा आकडा समजून त्याच हिशेबाने एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) निवडतात. वास्तविक थर्मल डिझाइन पॉवर, म्हणजेच टीडीपी, हा आकडा ग्राहकासाठी नव्हताच. हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता हवेत सोडणारा धातूचा ठोकळा) आणि पंखा तयार करणाऱ्या अभियंत्याला किती उष्णता सतत बाहेर काढावी लागेल हे कळावे, एवढाच त्याचा हेतू होता.

अशा आकड्याची गरज तशी उशिराच भासली. इंटेल कंपनीच्या ८०३८६ या जुन्या प्रोसेसरच्या काळात प्रोसेसर सहसा हीटसिंकशिवाय, मदरबोर्डवर उघडाच बसत असे. १९९३ मध्ये आलेला ६६ मेगाहर्ट्‌झचा पेंटियम मात्र ५ व्होल्टवर चाले आणि कमाल १६ वॅटपर्यंत वीज घेई. पुढच्याच वर्षी ३.३ व्होल्टवर चालणारी आवृत्ती आली, तेव्हा १०० मेगाहर्ट्‌झचा पेंटियम सुमारे १० वॅटमध्ये भागवू लागला. गती वाढूनही वीज कमी लागली, कारण ट्रान्झिस्टरच्या, म्हणजे प्रोसेसरमधल्या सूक्ष्म स्विचांच्या, उघडझापीत खर्च होणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. ट्रान्झिस्टर लहान करत जावे, त्याबरोबर व्होल्टेजही उतरवावे आणि प्रत्येक चौरस मिलिमीटरमागची उष्णता कायम राखावी, हे गणित आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्येच मांडले होते.

हे गणित बिघडले ते गळतीमुळे. ट्रान्झिस्टर फार लहान झाले, की बंद असतानाही त्यांतून थोडा विद्युतप्रवाह झिरपत राहतो आणि मग व्होल्टेज आणखी उतरवणे कठीण होते. फेब्रुवारी २००४ मध्ये आलेला ९० नॅनोमीटरचा (हा आकडा जितका लहान, तितके ट्रान्झिस्टर लहान) ‘प्रेस्कॉट’ पेंटियम ४ हे याचे बोलके उदाहरण आहे. आधीच्या १३० नॅनोमीटरच्या ‘नॉर्थवुड’चा टीडीपी ३.४ गिगाहर्ट्‌झला ८९ वॅट होता, तर त्याच गतीच्या प्रेस्कॉटचा १०३ वॅट झाला. प्रेस्कॉटची पाइपलाइन (एक सूचना पार पाडण्याच्या टप्प्यांची साखळी) लांब होती आणि कॅशे (प्रोसेसरमधली जलद स्मृती) दुप्पट होती, त्यामुळे सगळा दोष गळतीच्या माथी मारता येणार नाही. पण ट्रान्झिस्टर लहान केले की उष्णता आपोआप आटोक्यात राहते, हा भरवसा इथे संपला. त्याच वर्षी इंटेलने आधी ‘तेजस’ हा पुढचा प्रोसेसर आणि नंतर ४ गिगाहर्ट्‌झचा पेंटियम ४ रद्द केला. २००६ मध्ये ६५ वॅटचा कोअर २ ड्युओ आला, तो कमी गतीचे दोन गाभे (कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे भाग) घेऊन.

पुढे टीडीपीचा अर्थच सैल होत गेला. इंटेलच्या २००८ मधल्या ‘नेहेलम’ या पिढीपासून प्रोसेसर टर्बो पद्धतीने स्वतःची गती वाढवू लागला आणि २०११ च्या ‘सँडी ब्रिज’पासून तो काही काळ टीडीपीहून अधिक वीजही घेऊ लागला. दीर्घकाळासाठी एक मर्यादा आणि अल्पकाळासाठी दुसरी, अशी ही रचना होती; पण अनेक मदरबोर्डांवर ती वेळेची अट मूळ सेटिंगमध्येच सैल सोडलेली असे.

इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडीचा हिशेब वेगळा आहे आणि तो जवळून पाहण्यासारखा आहे. तिच्या रायझन ७ २७००एक्स या प्रोसेसरसाठी प्रोसेसरच्या झाकणाचे तापमान ६१.८ अंश आणि पंख्याकडे येणाऱ्या हवेचे ४२ अंश धरले आहे, त्यांतील १९.८ अंशांच्या फरकाला कूलरच्या ०.१८९ अंश प्रतिवॅट या औष्णिक रोधाने (म्हणजे दर वॅटमागे तापमान किती वाढते त्या आकड्याने) भागले, की सुमारे १०५ वॅट मिळतात. या सूत्रात विजेचे मोजमाप कुठेच नाही. हे ४२ अंश कॅबिनेटच्या आतल्या हवेचे आहेत. विदर्भात मे महिन्यात बाहेरची हवाच तितकी तापते, हे तिथल्या वाचकाने आवर्जून ध्यानात घ्यावे.

२०२१ च्या बाराव्या पिढीपासून इंटेलने टीडीपी हा शब्द बाजूला ठेवून दोन आकडे छापायला सुरुवात केली: कोअर आय९-१२९००के साठी मूळ शक्ती १२५ वॅट आणि टर्बोतील कमाल शक्ती २४१ वॅट. हा बदल दहा वर्षे आधीच व्हायला हवा होता. एएमडीने टीडीपी कायम ठेवला आहे. तिथे सॉकेटला, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेला, मिळणाऱ्या विजेची मर्यादा साधारणपणे त्याच्या १.३५ पट असते, म्हणजे १०५ वॅटच्या प्रोसेसरला १४२ आणि १७० वॅटच्या प्रोसेसरला २३० वॅट.