ब्रुसेला जंतूजन्य प्रतिकारदमन (गायीगुरांतील)

ब्रुसेला ॲबॉर्टस या जंतूचे काही पेशीघटक गायीगुरांच्या भक्षक पेशींचे (जंतू गिळून मारणाऱ्या श्वेतपेशींचे) काम रोखतात, त्या प्रक्रियेला ही संज्ञा लावतात. जंतू सांसर्गिक गर्भपाताचा; गाय बहुधा पाचव्या महिन्यानंतर गाभडते, पुष्कळदा वार अडकते. डेन्मार्कच्या बर्नहार्ड बांग यांनी तो वेगळा केल्याचे साल काही ग्रंथांत १८९५, तर काहींत १८९७ असे आहे. त्यांचा शोधनिबंध १८९७ मध्ये प्रसिद्ध झाल्याने तेच साल धरणे सोयीचे.

न्यूट्रोफिल ही श्वेतपेशी जंतूला गिळते आणि मग आपल्या प्राथमिक कणिका (जंतुनाशक द्रव्यांच्या सूक्ष्म पिशव्या) त्याच्यावर रिकाम्या करते. कणिकांतील मायलोपेरॉक्सिडेज हे विकर, हायड्रोजन पेरॉक्साइड व हॅलाइड आयन (क्लोराइड, आयोडाइड इत्यादी) मिळून जंतू मारतात. ही यंत्रणा प्रथिनाला आयोडीनही जोडते, म्हणून जोडलेले आयोडीन मोजून तिचा जोर अजमावता येतो. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या आयोवा राज्यातील संशोधकांना असे आढळले, की ब्रुसेलाचा अर्क मिसळल्यावर गायीच्या न्यूट्रोफिलांतील ही जोडणी घटते आणि प्राथमिक कणिका बाहेर पडत नाहीत. अर्कातील कारक रेणू निघाले ग्वानोसिन मोनोफॉस्फेट व ॲडेनिन. दोन्ही रेणू प्रत्येक सजीव पेशीत असतातच. विशेष आहे ते त्यांचे जंतूबाहेर पडणे.

जंतूच्या बाह्य पटलातील लिपोपॉलिसॅकराइडबद्दल (स्निग्धाम्ले व शर्करा यांच्या संयुक्त रेणूबद्दल) मतभेद आहेत. त्यातील स्निग्धाम्लांच्या साखळ्या लांब असल्याने ते इतर ग्रॅम-ऋण जंतूंच्या (बाह्य पटल असलेल्या जंतुगटाच्या) अंतर्विषाइतके, म्हणजे त्यांच्या लिपोपॉलिसॅकराइडाइतके, दाहक नसते. कित्येक अभ्यासक यालाही दमन म्हणतात. पण हे पहारेकऱ्याला न जागवता आत शिरणे आहे, त्याचे हात बांधणे नव्हे. चक्रीय बीटा ग्लुकान या जंतूच्या वलयाकार शर्करा-रेणूची गोष्ट वेगळी. महाभक्षी पेशीत (मोठ्या भक्षक पेशीत) जंतू ज्या पिशवीत असतो, तिच्या पटलातील कोलेस्टेरॉलयुक्त भागांवर ते परिणाम करते व लायसोसोमशी (पेशीतील पाचक विकरांच्या पिशवीशी) होणारे तिचे मीलन टळते. यासाठीचा पुरावा मात्र गायीपेक्षा उंदरांच्या पेशींवरचा अधिक.

लिपोपॉलिसॅकराइडचा संबंध लशींशीही येतो. एस-१९ या लशीतील जिवंत, सौम्य ब्रुसेला जंतूत त्याची ओ-साखळी (बाहेरची शर्करा-साखळी) शाबूत असते, आणि रक्ततपासणी याच साखळीविरुद्धची प्रतिपिंडे शोधते. त्यामुळे ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींनाच ती टोचतात. मोठ्या जनावरात लशीची प्रतिपिंडे रेंगाळून रक्ततपासणीत रोगाचा भास होतो. आरबी-५१ या दुसऱ्या लशीत ही साखळी नसल्याने तो घोटाळा होत नाही.