एकसदस्य कुटुंबांचा तंबाखूवरील खर्च

एकसदस्य कुटुंबांचा तंबाखूवरील खर्च म्हणजे एकट्या राहणाऱ्या व्यक्तीच्या घरखर्चापैकी विडी, सिगारेट, खाण्याची तंबाखू, जर्दा, मिश्री, तपकीर यांसारख्या पदार्थांवर होणारा खर्च. भारतात याविषयीची माहिती मुख्यतः राष्ट्रीय नमुना पाहणीच्या कौटुंबिक उपभोग खर्च पाहणीतून मिळते. नेहमी एकत्र राहणाऱ्या आणि एकाच स्वयंपाकघरात जेवणाऱ्या माणसांचा गट, अशी तिच्यात कुटुंबाची व्याख्या आहे. असा गट एकाच माणसाचा असला तरी तो स्वतंत्र कुटुंब ठरतो. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ३.७ टक्के कुटुंबे एकसदस्य होती.

पाहणीचे निष्कर्ष दरडोई मासिक उपभोग खर्चाच्या रूपात मांडले जातात. त्यात पान, तंबाखू व मादक पदार्थ या गटाचा वाटा २०११-१२ मध्ये ग्रामीण भागात ३.२१ आणि शहरी भागात १.६१ टक्के होता; २०२२-२३ मध्ये तो अनुक्रमे ३.७९ आणि २.४३ टक्के झाला. या गटात मद्यही येत असल्याने हे आकडे केवळ तंबाखूचे नव्हेत. त्याहून मोठी अडचण भागाकाराची आहे. समजा, पाच जणांच्या घरातील एकच माणूस तंबाखू खातो आणि महिन्याला तीनशे रुपये खर्च करतो, तर दरडोई खर्च साठ रुपयेच दिसेल. एकसदस्य कुटुंबात भागाकार एकानेच होतो, म्हणून तेथे व्यसनाचा खरा भार उघडा पडतो. मात्र तेथे कोणाचा खर्च शून्य तर कोणाचा बराच मोठा असतो. त्यामुळे सर्वांची मिळून काढलेली सरासरी फसवी ठरते. खर्च करणाऱ्यांचे प्रमाण आणि त्यांचा प्रत्यक्ष खर्च असे दोन आकडे वेगळे देणेच योग्य होय.

एकसदस्य कुटुंब म्हणजे एकाकी माणूस असे समजू नये. १९८२ च्या संपापूर्वीच्या मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले अनेक कामगार एकाच खोलीत दाटीवाटीने राहत व खाणावळीत जेवत. समाईक चूल नसल्यामुळे वरील व्याख्येने त्यांतील प्रत्येक जण वेगळे कुटुंब ठरला असता. आजही बांधकामावरील किंवा कारखान्यांतील स्थलांतरित मजुरांबाबत हा प्रश्न उद्भवतो. शिवाय गावी पाठवलेला पैसा उपभोग खर्चात धरला जात नाही. त्यामुळे मिळकतीचा मोठा भाग घरी धाडून उरलेल्यात भागवणाऱ्या मजुराच्या खर्चात तंबाखूचा वाटा फुगलेला दिसतो आणि तो उधळा असल्याचा चुकीचा समज होतो.

एका बाबतीत मात्र या कुटुंबांची माहिती अधिक भरवशाची असते. मोठ्या घरात उत्तर देणाऱ्या व्यक्तीला इतरांनी पानटपरीवर केलेला खर्च ठाऊक असतोच असे नाही. येथे खर्च करणारा आणि सांगणारा एकच असतो. तंबाखूबद्दल मागील सात दिवसांचा खर्च विचारला जातो. तरीही सुटी विडी-सिगारेट घेणाऱ्याला, किंवा मित्राच्या चंचीतून चिमूट घेणाऱ्याला, नेमका आकडा सांगणे कठीण जाते. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या विडी-सिगारेटच्या विक्रीवर बंदी घातली.

तंबाखूपायी दूध, शिक्षण यांवरील खर्च आकसतो, असे भारतीय कुटुंबांच्या अभ्यासांत आढळले आहे. कुटुंबात हा तोटा बायकामुलांना सोसावा लागतो, तर एकट्या माणसाच्या बाबतीत तो त्याच्याच जेवणाला आणि औषधपाण्याला बसतो.

खर्च कमी म्हणून सेवन कमी, असा निष्कर्ष काढता येत नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीनुसार महाराष्ट्रात ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करत होते, तर २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू वापरत होते. खेड्यात एकट्या राहणाऱ्या वृद्ध स्त्रिया तंबाखू तव्यावर भाजून, कुटून घरीच मिश्री करतात व ती दिवसातून अनेकदा दातांना लावतात. तिला पैसे थोडे लागत असल्याने खर्चाच्या तक्त्यात या स्त्रिया जवळजवळ दिसतच नाहीत. तोंडाच्या कर्करोगाचा धोका मात्र त्यांनाही असतो.