ट्यूलिपची बाग वेगळी, मुघल बाग वेगळी: श्रीनगरचं तिकीट काढण्याआधी वाचा

"मे महिन्यात चार दिवस श्रीनगरला चाललोय. मुघल गार्डनमधले ट्यूलिप किती वाजता बघायला जावं?"

मार्च उजाडला की हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच. कधी मावसबहीण, कधी सोसायटीतल्या काकू. यात दोन चुका आहेत आणि एक फार चांगला प्रश्न आहे. चुका आधी निस्तरू. ट्यूलिप बघायला मुघल बागेत जायचं नसतं. आणि मे महिन्यात ते फुललेले नसतात.

मुघल बागा तुम्हाला माहीत आहेत, निदान फोटोंतून. शालिमार जहांगीरने १६१९ मध्ये करवून घेतली. निशात १६३३ ची, नूरजहानच्या भावाने, असफ खानाने केलेली. चश्मेशाही शाहजहानच्या काळातली. उतरत्या पायऱ्यांसारखे सपाट टप्पे, मधोमध पाण्याचा पाट, कारंजी, दोन्ही अंगांना चिनार. ट्यूलिप गार्डन झबरवान डोंगराच्या पायथ्याशी, चश्मेशाहीच्या जवळच आहे. जुनं नाव सिराज बाग, आताचं इंदिरा गांधी स्मृती ट्यूलिप गार्डन. पसारा साधारण ३० हेक्टर, आणि लोकांसाठी खुलं झालं ते २००७-०८ च्या सुमारास. दोन्ही दल सरोवराच्या एकाच बाजूला, एकाच गाडीने, एकाच दिवशी दाखवतात. सहलीच्या कागदावरही एकाच ओळीत छापतात. घोळ होतो तो इथेच. तिकीट किती, फाटक कुठे, हे तिथे गेल्यावर कळतं, त्यात वेळ घालवू नका.

खरा फरक असा की मुघल बाग ही वास्तू आहे आणि ट्यूलिप गार्डन हे पीक आहे.

वास्तू बाराही महिने उभी असते. शालिमारचे टप्पे, पाट, वरच्या अंगाचा काळ्या दगडाचा मंडप जानेवारीतही तिथेच असतात आणि ऑक्टोबरातही. पिकाला लागवड असते, फुलोरा असतो, काढणी असते. ट्यूलिपचे कंद ऑक्टोबर-नोव्हेंबरात जमिनीत जातात. हिवाळाभर त्यांना थंडी लागावी लागते, त्याशिवाय फूल धरत नाही. मार्चमध्ये ऊब आली की पात वर येते, मग कळी. लवकर, मध्यम आणि उशिरा फुलणाऱ्या जाती मुद्दाम मिसळून लावतात, म्हणून बाग महिनाभर तरी भरलेली दिसते. एकच जात असती तर सगळा खेळ दोन-तीन आठवड्यांत आटोपला असता. २०२३ मध्ये बाग १९ मार्चला उघडली, २०२४ मध्ये २३ मार्चला, २०२५ मध्ये २६ मार्चला. एप्रिलचा तिसरा आठवडा ओलांडला की खेळ संपतो. ऊन लवकर तापलं तर त्याआधीच.

माझी जाऊ दोन वर्षांपूर्वी १२ मे रोजी तिथे पोचली. हातातल्या कागदावर दुसऱ्या दिवसासमोर लिहिलं होतं: "मुघल गार्डन (ट्यूलिप)". फाटक बंद. कुंपणापलीकडे नुसते वाफे, फूल एकही नाही, पानं पिवळी पडून आडवी झालेली. मुलं रडकुंडीला आली. ही मात्र निफाडची, माहेरी कांदा. तिने मला तिथूनच फोन केला. म्हणाली, "अगं, कांद्याच्या माना पडल्यावर पात दिसते ना, अगदी तशी दिसतेय. आता आठ-पंधरा दिवसांत उपटतील बघ." तिला कुणी काही समजावलं नव्हतं, पण तिचं बरोबर होतं. फूल गेल्यावरही पात कापत नाहीत, कारण तीच कंदाला पोसते. पात वाळली की कंद काढून साठवतात आणि थंडीच्या तोंडावर पुन्हा लावतात. कांदा पिकवणाऱ्या घरातल्या बाईला जे एका नजरेत कळलं, ते तो कागद छापणाऱ्याला माहीत नसावं, किंवा सांगायचं नसावं. मला त्याचा अजून राग येतो. फुलं दिसली नाहीत म्हणून नव्हे, मुलांना वर्षभर दाखवलेल्या फोटोंमुळे.

आपण डिसेंबरात कास पठारावर फुलं बघायला जात नाही ना? तोच हिशोब इथे लावा.

पाडव्याचा मुहूर्त धरणारेही असतात. कल्पना सुंदर आहे, कारण काश्मिरी पंडितांचा नवरेह, म्हणजे त्यांचं नववर्ष, आपल्या पाडव्याच्याच दिवशी येतो. पण पाडवा २०२४ मध्ये ९ एप्रिलला होता, २०२५ मध्ये ३० मार्चला, २०२६ मध्ये १९ मार्चला. ट्यूलिप तिथी बघत नाहीत, ऊब बघतात. माझं ठाम मत: एप्रिलचे पहिले दहा दिवस. बाग उघडते त्या दिवशी सगळे वाफे फुललेले नसतात, त्यामुळे पहिल्या दिवशी पोचण्याची धडपड करू नका. मुलांची परीक्षा एप्रिलच्या मध्यापर्यंत असेल, तर यंदा ट्यूलिप सोडून द्या. शेवटच्या पेपरच्या रात्रीचं विमान पकडून गळक्या पाकळ्या बघण्यात अर्थ नाही.

आता तो चांगला प्रश्न, किती वाजता. सहलवाले सकाळी आठला गाडीत बसवतात. ट्यूलिपला ते सोयीचं नाही. हे फूल गारव्यात मिटतं आणि उबेत उघडतं. बाग डोंगराच्या पश्चिम उतारावर, म्हणजे ऊन तिथे उशिरा उतरतं. मी एकदा नऊच्या सुमारास एका लाल वाफ्यापाशी उभी होते. सगळे पेले घट्ट मिटलेले, कडांवर दव. ऊन आल्यावर अर्ध्या तासात पाकळ्या सैल झाल्या आणि आतला काळा-पिवळा तळ दिसायला लागला. तो तळ बघितल्याशिवाय परतू नका. साडेदहा-अकराला जा, गर्दी सोसा.

छत्री न्या. आपल्याकडे मार्च-एप्रिल कोरडा, म्हणून कुणी विचारही करत नाही. श्रीनगरला मात्र हेच सगळ्यात पावसाळी महिने. चारपैकी एक दिवस पाण्यात जाणार असं धरून चाला आणि ट्यूलिप शेवटच्या दिवसावर कधीच ठेवू नका.

उलट बाजूचा हिरमोडही होतो. ट्यूलिपसाठी नेमक्या वेळी गेलेले लोक त्याच दुपारी शालिमारला जातात आणि म्हणतात, हे काय, झाडांना पानंच नाहीत! एप्रिलच्या सुरुवातीला चिनार उघडाच असतो. म्हणून त्या दिवसांत मुघल बागेत फुलं-पानं शोधू नका, बांधणी बघा. वरच्या टप्प्यावरून पाणी खालच्या टप्प्यावर कसं उतरवलंय, पाटाच्या रेषेत नजर कुठे जाते, ते बघा. पानं नसताना ते जास्त स्पष्ट दिसतं. एकच बाग बघायची तर माझी निवड निशात, आणि तीही संध्याकाळी. बाग पश्चिमेला तोंड करून आहे, सूर्य दलच्या पलीकडे उतरतो आणि सगळ्यात वरच्या टप्प्यावरून सरोवर बागेचाच पुढचा टप्पा वाटतं. भाड्याचे फेरन, म्हणजे सैल काश्मिरी झगे, घालून फोटो काढण्यात लोक तो अर्धा तास घालवतात, त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

मार्चच्या मध्यावर जाणार असाल तर ट्यूलिप आणि मुघल बाग दोन्ही सोडा आणि हरी पर्वताच्या पायथ्याची बदामवारी, म्हणजे बदामाची बाग, गाठा. बदामाचा बहर ट्यूलिपच्या आधी येतो आणि जेमतेम दोन आठवडे टिकतो.

आणि ज्यांना मे महिनाच जमतो, त्यांनी हळहळू नये. चिनार तोवर पानांनी भरतो, गुलाब फुललेले असतात, पाऊसही ओसरलेला असतो. जाऊबाई त्या दिवशी फाटकावरून थेट निशातला गेली. सकाळी रडलेली मुलं संध्याकाळी तिथल्या पाटात पाय सोडून बसली होती, तो फोटो तिने मला पाठवला.